रेकॉर्डच्या दुकानातली अदलाबदल

ती त्या दुकानात पहिल्यांदा आली ती भांडायलाच. आदल्या दिवशी घेतलेली रेकॉर्ड एकाच ओळीवर अडकत होती. काउंटरमागे एक उंच मुलगा सुईवरची धूळ फुंकत होता.

"ही तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणते!"

त्याने लावून ऐकली. "आवडली असेल तिला..."

"मला नाही आवडली!"

"ओळ, की मी?"

आतून मालककाका पोट धरून हसत बाहेर आले. गिऱ्हाइकांशी बोलायला अशी तिखट जिभेची मुलगी त्यांना हवीच होती. दुसऱ्या दिवसापासून ती तिथे कामाला लागली.

काय दिवस होते ते! गिऱ्हाईक कमी, गाणी उदंड. तो रेकॉर्डी पुसायचा, ती पाकिटात घालायची. देताघेता बोटांना बोटं लागायची — आणि दोघं उगाचच कपाटाकडे बघायची. ती त्याला लंबू म्हणायची, तो तिला बाईसाहेब. त्यापुढचे शब्द ओठांशी यायचे आणि माघारी फिरायचे...

एका सकाळी काका चष्मा पुसत म्हणाले, "पोरांनो, दुकान आता दोघांना पोसत नाही. शनिवारी एकाला निरोप द्यावा लागणार. कुणाला, ते माझ्याच्यानं ठरेना."

तिने लंबूकडे पाहिलं. लंबूच्या घरी आजारी आई. नोकरी त्याचीच राहायला हवी! आपणच एखादी घोडचूक केली, तर काकांचं काम सोपं होईल. त्या संध्याकाळी दोन रेकॉर्डी बांधून गिऱ्हाइकांना द्यायच्या होत्या. शाळेतल्या मास्तरांची कवायतीच्या बँडची आणि एका आजीबाईंची अंगाईगीतांची. दुपारी काकांचा डोळा लागताच तिने घाईघाईने, आत नीट न बघताच, या पाकिटातली त्या पाकिटात घातली.

शनिवारी मास्तर आले. ती मान खाली घालून शिव्यांची वाट बघत राहिली.

"वा! पोरांनी काय झकास पावलं टाकली!" मास्तर म्हणाले. मागोमाग आजीबाई आल्या. नातू गाढ झोपला म्हणून सांगायला.

"असं कसं?" ती आणि लंबू एकदमच ओरडले.

काका चमकले. "कसं म्हणजे?"

"मी तर बदलून ठेवल्या होत्या..." ती पुटपुटली.

लंबूने डोळे विस्फारले. "तूही? अगं, मी सकाळीच बदलल्या होत्या! म्हटलं, तुझ्या धाकट्या भावाची शाळा आहे... मीच जावं."

त्याने तिला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं.

काकांनी कपाळावर हात मारला. "एक सकाळचा शहाणा, एक दुपारची! तुम्हाला काढू तरी कसं? असं करा, अर्धा अर्धा दिवस वाटून घ्या. सकाळी हा, दुपारी ही. दोघंही राहाल."

लंबू 'चालेल' म्हणणार, तोच तिच्या तोंडून निघून गेलं,

"मग आम्ही भेटायचं कधी?"

तिच्या कानाच्या पाळ्या लालबुंद. काकांना अचानक आतल्या खोलीत काहीतरी काम आठवलं.

"दुपारी," लंबू हळूच म्हणाला. "माझं काम संपलं म्हणून मी घरी थोडाच जाणार आहे?"

दुकान त्यानंतर तीनच वर्षं तगलं. आज तिथे चपला विकतात. पण त्या तीन वर्षांत लंबू दुपारी घरी गेलेला कुणी पाहिला नाही — आणि दुपारची ती, सकाळी कुलूप उघडायच्या आधीच दारात उभी असायची.