ताईच्या मागचं पाऊल

विश्वास बसणार नसेल तर इथेच थांबा. पण हे माझ्या सख्ख्या ताईच्या बाबतीत घडलंय, आणि मी तिथेच होते. रात्रीबित्री नाही, भरदुपारी अडीच वाजता, आमच्या छोट्या स्टुडिओत.

मी सिनेमांना आवाज लावते. ताई पावलं वाजवते. म्हणजे पडद्यावर नायिका चालते, आणि ताई बंद खोलीत तिच्यासारखे बूट घालून लाकडी फळीवर चालते. तोच आवाज तुम्हाला ऐकू येतो.

त्या थ्रिलरमध्ये नायिकेच्या मागे कोणीतरी असतं. दिसत नाही. असल्या सिनेमांचा नियमच आहे... पावलं आधी लांब, मग जवळ, आणि शेवटच्या रिळात गाठतात.

मागची पावलं नंतर दुसऱ्या माणसाकडून करून घ्यायची होती.

पहिलं रीळ झालं. मी हेडफोन लावला.

टक... टक... टक.

ताई थांबली.

...टक.

एक पाऊल जास्त.

मला वाटलं, ताईचीच कल्पना. आणि शहाणी मी! ते पुसायचं सोडून त्याचा आवाज वाढवून ठेवला.

"ताई, मागचं पाऊल काय झकास वाजवलंस गं!"

"कुठलं मागचं? मी तर माझंच चालले."

"चल, मला नको घाबरवूस."

ती हसली नाही.

दुसऱ्या रिळात ते जवळ आलं. तिसऱ्यात आणखी. चौथ्यात तर ताईच्या श्वासामागे... अजून एक श्वास.

राहिलं पाचवं. शेवटचं.

ताई बूट घालत होती. मी धावत आत गेले आणि तिच्या पायातून ते ओढून काढले.

"अगं, वेड लागलंय का? साहेब ओरडतील."

"ओरडू देत. तू चालायचं नाहीस."

दिग्दर्शक साहेब ओरडलेच. मी बधले नाही. शेवटच्या प्रसंगात नायिका चालते आणि आवाजच नाही. लोकांना म्हणे तोच शेवट आवडला. कपाळ माझं!

मला वाटलं, सुटलो एकदाचे. शेवटच केला नाही, तर गाठणार कसं?

त्याला वर्ष झालं. ताई माझ्याच घरी राहते. घरात अनवाणी चालते. पाण्याला उठते, ओट्यापाशी थांबते...

...थप.

मी तिला कधी सांगितलं नाही. बिचारीच्या जिवाला घोर कशाला?

परवा दुपारी भाजी निवडताना तीच म्हणाली, "ते राहिलेलं रीळ करून टाकूया का गं?"

"आता कशाला?"

"सारखं थांबून थांबून तेही दमलं असेल."

"नाही," मी म्हणाले. "जीव गेला तरी नाही."

ताईने वाद घातला नाही. तिने फक्त मान मागे वळवली आणि हळूच म्हणाली,

"नाही म्हणतेय ती."

मागे कोणी नव्हतं. निदान मला दिसलं नाही. तेव्हापासून मी स्टुडिओची किल्ली उशीखाली घेऊन झोपते.