पिंपातलं लाल औषध

निलंग्याच्या शिवकांताने फोनवर नमस्कारसुद्धा केला नाही. "जयाताई, पिंपातलं औषध रातोरात लालभडक झालंय. बाया भानामती म्हणून घरी पळाल्या."

लातूरची खाजगी गुप्तहेर जया लगेच निघाली. सोबत सहायक धम्मानंद. माणूस सोन्यासारखा, डोकं जरा निवांत.

शिवकांताचा बचत गट नांदेडच्या बाजारातून हळद पॉलिश करताना पडणारी भुकटी आणायचा. कोणाला नको असलेली ती भुकटी उकळून द्राक्षांवरच्या बुरशीचं औषध व्हायचं. आज दुपारी बागायतदार ते बघायला येणार होते, आणि बायाच नाहीत म्हटल्यावर गट मोडल्यातच जमा होता. बिचारी रडकुंडीला आली होती.

संशय पहिला समोरच्या कीटकनाशकवाल्या वीरभद्रवर. तळहातावर तंबाखूला चुना चोळत त्याने सांगितलं, की रात्री तो उदगीरला लग्नात होता.

धम्मानंद कुजबुजला, "मॅडम, हळद आणि चुना म्हणजे कुंकू. हाच तो!"

"डबीभर चुन्याने पिंप लाल होत नाही," जया म्हणाली.

अंगणात चुन्याचं पोतं होतं, भिंतींसाठी आणलेलं, तोंड सुटलेलं. शेजारी शिवकांताचे सासरे गुरुपादप्पा राखेने विळा घासत होते. पात्यावरचा लालसर डाग काही निघत नव्हता. रात्री राखणीला तेच होते, पण परका कोणी फिरकला नव्हता म्हणे. सुनेचं तोंडभर कौतुक करून ते म्हणाले, "पर आमच्यावानी बोर्डो बनवणारं आता कोणी ऱ्हायलं न्हाई."

जयाने बायांना बोलावलं. भुकटीच्या पिवळ्या पाण्यात चिमूटभर चुना टाकला. पाणी लाल झालं आणि बायांचे चेहरे सैल पडले.

"भानामती नाही, चुना आहे. नासवायचंच असतं, तर वैऱ्याने रॉकेल ओतलं असतं. द्राक्षाचं जुनं औषध बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुना. त्यात विळा बुडवून बघतात. पातं तांबूस झालं, की चुना कमी पडला. आप्पा, तुम्ही सवयीने चुना घातलात, विळा बुडवला, पातं लाल. म्हणून अजून चुना, तरी लालच. बरोबर ना?"

आप्पांनी मान खाली घातली. "पावण्यांसमोर पोरीचं नाव ऱ्हावं म्हून केलं, बाई."

शिवकांताला राग यायला हवा होता. आलं ते हसू. उरलेली भुकटी चुलीवर चढली. बायांनी पदर खोचले.

दुपारी पिंप पिवळंधमक होतं. धम्मानंद चुन्याच्या पोत्यावर पहाऱ्याला बसला होता. पहिल्याच बागायतदाराने वाकून विचारलं, "यात चुना किती घालायचा?"

बाया तोंडाला पदर लावून हसल्या. आप्पा मात्र गंभीरपणे म्हणाले, "बिलकुल न्हाई. म्या करून बघितलंय."