चिकटवू नकोस

पाणीखात्यात तक्रारींच्या खिडकीवर माझी नोकरी. आठ तास लोकांच्या शिव्या खायच्या आणि वर तोंड गोड ठेवून "आपली अडचण समजली" म्हणायचं. घरी पोचेपर्यंत डोकं भणभणायला लागायचं. मग मी मागच्या खोलीत जाऊन माझी गाडी सुरू करायचो. पलंगाएवढी फळी, तिच्यावर रूळ, एक स्टेशन, एक बोगदा, रंगवलेल्या भुशाचं गवत आणि तीन डब्यांची छोटीशी गाडी. अर्धा तास ती नुसती फिरताना पाहिली की मी माणसात यायचो. धाकटी बहीण म्हणायची, "चाळिशी उलटली, खेळणी काही सुटत नाहीत साहेबांची!" पण चहा मात्र तिथेच आणून द्यायची.

बाबा मात्र या छंदाला कधी हसले नाहीत. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. पोटाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा त्यांनी माझ्याकडून प्लॅस्टिकची नखाएवढी माणसं मागून घेतली आणि पोटावर ताट ठेवून रंगवायला लागले. हमाल, बायका, टोपीवाला तिकीट तपासनीस. हात थरथरायचा, पण ब्रश टेकला की स्थिर व्हायचा.

शेवटी एक म्हातारा रंगवला. राखाडी स्वेटर, थोडा पोक, थेट त्यांच्यासारखा.

"हा फलाटावर ठेव," ते म्हणाले. "पण चिकटवू नकोस."

"गाडीच्या हादऱ्याने आडवा होईल, बाबा."

"होऊ दे. तू चिकटवू नकोस."

माणसं चिकटवायची, हा आमच्या छंदातला पहिला धडा. मी "बरं" म्हटलं आणि सवयीने दोन्ही पायांखाली गोंदाचा थेंब लावून त्याला पक्का उभा केला. खोटं कशाला बोलू, नुसती सवय नव्हती. तो आडवा पडलेला मला बघवला नसता.

डॉक्टर म्हणाले होते, फार तर आठवडा. दोन महिने झाले. बाबांचं खाणं सुटलं, अंगावर नुसतं कातडं राहिलं, पण सुटका काही होईना. कळ आली की उशी चावायचे. बहीण कूस बदलायला गेली की त्यांचे तळपाय गादीवरून हलायचे नाहीत. तिने एकदा जोर लावला तर किंचाळले.

"जडावलेत," डॉक्टर दुसरीकडे बघत म्हणाले.

एका रविवारी दुपारी मी गाडी फिरवत बसलो होतो. गाडी फलाटावरून पुढे गेली आणि बाबांच्या खोलीतून आवाज आला, "गेली."

पुढची फेरी झाली. "ही पण गेली."

त्यांच्या खोलीतून गाडी दिसत नाही. मी उठून त्यांच्याकडे गेलो.

"काय गेलं, बाबा?"

"किती वेळ उभं करणार आहेस रे मला?" ते म्हणाले. "पाय भरून आले."

दोन महिन्यांत ते एकदाही उभे राहिले नव्हते.

मी ब्लेड शोधलं. बहिणीला म्हटलं, "बाबांचा हात धरून बस."

"का? काय झालं?"

"बस तू."

म्हाताऱ्याच्या पायाखाली ब्लेड घातलं. मला बाबा हवे होते. विव्हळत का होईना, पण घरात हवे होते. हे मी त्या दुपारी पहिल्यांदा कबूल केलं आणि मला स्वतःची लाज वाटली.

डावा पाय सुटला. पलीकडून एक सुस्कारा आला.

उजवा सुटला.

गाडी फलाटाला लावली. बघवेना म्हणून डोळे मिटले, दहापर्यंत मोजलं आणि बटण फिरवलं. डोळे उघडले तेव्हा म्हातारा फलाटावर नव्हता. फळीखालीही नव्हता.

"दादा," बहिणीने हाक मारली. "दादा, लवकर ये."

बाबांचा चेहरा शांत होता. बहीण रडत म्हणाली, "पाय बघ. आपले आपणच जवळ घेतले त्यांनी."

पंधरा दिवसांनी कामावर गेलो. पहिल्याच तासाला एकाने अर्ज तोंडावर फेकला. संध्याकाळी घरी येऊन गाडी सुरू केली.

मधल्या डब्याच्या खिडकीत राखाडी स्वेटर दिसला.

ते डबे मी स्वतः जोडलेत. आत बाकं आहेत, माणूस एकही नाही.

माझे रूळ गोल आहेत. स्टेशन एकच.

गाडी थांबवली तर बाबा पुन्हा त्याच फलाटावर उतरणार. म्हणून थांबवत नाही. दुसरं स्टेशन बांधून ठेवलंय, पण तिकडचे रूळ जोडायचे तर आधी गाडी थांबवावी लागते.

"बंद कर ना रे ती," बहीण दारातून म्हणते. "तीन दिवस झाले."

तिला काय सांगू? स्टेशन जवळ आलं की दर फेरीला ते बाकावरून उठून उभे राहतात.