आखडूची फुंकर

"नमस्कार केला तर नुसती मान हलवतो, तीही अशी, की जणू मानेला भाडं पडतं," खोक्यात भुसा भरता भरता आत्या पुटपुटली. "आखडू मेला."

काचकारखान्याच्या पॅकिंग खोलीत हा शब्द दिवसभर लागायचा. न उघडणारी खिडकी आखडू, चहाला नको म्हणणारी टायपिस्ट आखडू. पण नुसतंच 'आखडू' म्हटलं की भट्टीवरचा तो एकच कारागीर. स्वतःला इतरांपेक्षा चार बोटं वर समजणारा, असा अर्थ आत्याने भाचीला सोमवारी, पहिल्याच दिवशी समजावून दिला. भाचीला सगळे भिंगरी म्हणत. मोठी ऑर्डर भरून होईपर्यंतच तिचं काम होतं.

दुपारी भिंगरी भट्टीशी गेली, आणि— थबकलीच. त्या कारागिराच्या नळीच्या टोकाला काच मधासारखी लोंबत होती. त्याने ओठ टेकले, हलकेच फुंकर घातली… आणि त्या लालबुंद गोळ्याच्या पोटात उजेडाची एक खोली उघडली. एवढासा वारा, आणि त्यातून हे.

"सुंदर," ती म्हणाली. उत्तर नाही. फुंकताना बोललं तर काच वाकडी होते, एवढं तिलाही माहीत होतं. पण नळी खाली ठेवल्यावरही तो गप्पच.

तिसऱ्या दिवशी तिने विचारलंच, "तुम्हाला आखडू म्हणतात, माहीत आहे?"

"माहीत आहे." त्याचे कान तापले. "खोटं नाही ते. काचेपुढे माणसं मला… फिकी वाटायची."

"सगळी?"

"सोमवारपर्यंत, सगळी."

मग भिंगरीला भट्टीवर वरचेवर काम निघू लागलं. सगळ्यांच्या लक्षात आलं, बोललं कुणीच नाही. आत्या फक्त उकाड्याबद्दल बोलायची.

शनिवारी शेवटचं खोकं बंद झालं. त्याच्या नळीवर फुलदाणी फुगत होती.

"येते मी," भिंगरी म्हणाली. "आता काही पुन्हा—"

"नका जाऊ."

नळी ओठांवरच होती. फुलदाणीचं पोट एका अंगाला कलंडलं, आणि तसंच, वाकडं, झळाळत राहिलं. ज्याच्या हातून कधी साधा पेला बिघडला नव्हता, त्याची ही फुलदाणी. सगळे काचेकडे बघत होते. त्या दोघांकडे बघायचा धीर कुणाला होईना.

"उकडतंय किती," आत्या म्हणाली. "आखडूचाही हात चुकला."

"हात नाही चुकला, आत्या." भिंगरी म्हणाली. "तो आखडू असू दे, नाहीतर नसू दे. मला तो हवाय."