दुसरा काटा

सुमाप कंपनीच्या नाशिकच्या प्रयोगशाळेत सकाळपासून एक पॅन्ट पास होत होती आणि ही काळजीची बाब होती. पॅन्ट नववीतल्या मुलाच्या मापाची होती. ती घातली होती उन्मेष नवाथेने, ज्याला नववी सोडून बरीच वर्षं आणि बरंच पोट झालं होतं.

घातली म्हणजे त्याच्या देहप्रतिरूपाने घातली होती. प्रतिरूप पडद्यावर होतं. खरा उन्मेष शेजारी चहाचा कप घेऊन उभा होता.

सुमाप ऑनलाइन पॅन्ट विकत असे आणि विकलेल्यातल्या निम्म्या परत येत. एकाच आकड्याची पॅन्ट एका कंपनीची सैल तर दुसरीची घट्ट, फोटोतला मॉडेल कायम उभा आणि गिऱ्हाईक टेप लावताना पोट आत ओढून घेणार. कंपनीने मापं आणखी अचूक केली, तेव्हा पॅन्ट आणखी अचूकपणे परत आल्या. मग डॉ. शलाका दुधगावकर आल्या.

"घट्टपणा कंबरेत नसतोच," त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. "कंबरेत असतो तो दाब. घट्ट होतंय की नाही, ते माणूस ठरवतो. आपल्याला कंबर नको, माणूस हवाय."

त्यानुसार गिऱ्हाइकाच्या घरी एक मापपट्टा जाई. तो बांधून उठायचं, वाकायचं आणि मांडी घालून एक जेवण जेवायचं. जेवणाची अट मॅडमची होती, कारण परदेशी यंत्रांना पंगतीत आग्रहाची जिलबी वाढली की काय होतं याची कल्पना नव्हती. या नोंदींवरून तयार झालेल्या प्रतिरूपाला दोन काटे असत. पहिला तक्रारकाटा, म्हणजे माणूस किती कुरकुर करेल. दुसरा ताणकाटा, म्हणजे शरीराला खरोखर किती सोसावं लागतंय. तक्रारकाटा लाल रेषेपलीकडे गेला की पडद्यावर 'परत' असं उमटे, नाहीतर 'चालेल'. बायका नवऱ्याला न उठवता त्याच्या पॅन्ट घेऊ शकाव्यात म्हणून घरच्यांनाही प्रतिरूपाला विचारायची सोय होती. उन्मेषची बायको केतकी ती सोय वापरत असे. स्वतःचं प्रतिरूप मात्र तिने काढू दिलं नव्हतं. ती दुकानात जाऊन, घालून, खाली बसून पॅन्ट घेई.

उन्मेषच्या प्रतिरूपाला नववीच्या पॅन्टनंतर उशीचा अभ्रा घालून पाहिला. दोन्ही पाय एकातच. चालेल. ताणकाटा शेवटाला जाऊन थरथरत होता आणि तक्रारकाटा जागचा हलला नव्हता. मॅडमनी पॅन्ट सोडून इतर गोष्टी विचारल्या. पगार कमी केला तर? चालेल. रविवारी ऑफिस? चालेल. उन्मेष म्हणाला की आपणही हेच सांगितलं असतं.

"म्हणजे यंत्र बरोबर आहे," मॅडम समाधानाने म्हणाल्या. "तुला दुखतं, उन्मेष. हे बघ, दिसतंय. फक्त ते तोंडापर्यंत येत नाही. मधली वायरच नाही तुझ्यात."

उन्मेषने दुसऱ्याचा एक्स-रे बघावा तसं ते बघितलं.

जाता जाता मॅडमनी आणखी एक निरोप दिला. ताणकाटा बघून लोक पॅन्ट घेत नाहीत, तर गिऱ्हाइकांच्या पडद्यावरून तो काढून टाकावा असं वरून आलं होतं. पडद्याचं काम उन्मेषकडे होतं. तो म्हणाला, चालेल.

केतकीची नागपूरला बदली आली तेव्हा तिने विचारलं होतं, जाऊ का. तेव्हाही तो हेच म्हणाला होता. ती गेली आणि सुट्टीला येत राहिली. या खेपेला तिने विचारलं, आपण वेगळे होऊ या का. उन्मेष म्हणाला, विचार करून सांगतो. त्याच्या मानाने हा आकांतच होता, पण ते तिला कळण्यासारखं नव्हतं. ती म्हणाली, रविवारी निघायच्या आधी सांग.

रविवारी ऑफिस होतंच. प्रयोगशाळेत कोणी नव्हतं. उन्मेषने प्रतिरूपाला प्रश्न टाइप केला: केतकी कायमची गेली तर? ताणकाटा अभ्र्याच्या जागेवरून पुढे गेला. पुढे जागा नव्हती, तरी गेला, आणि प्रोग्रॅम बंद पडला. बंद पडण्यापूर्वी उमटलं, चालेल.

म्हणजे केतकीने जाऊ नये असं त्याला वाटत होतं. ही माहिती उन्मेषला नवीन होती. ती तिला द्यायला तो लगेच घरी निघाला.

दाराशी बॅग भरून ठेवलेली होती.

"मी त्याला विचारलं," केतकी म्हणाली.

"कोणाला?"

"तुझ्या प्रतिरूपाला. तुझ्याकडून काही कळत नाही, म्हटलं यंत्र तरी खरं बोलेल." तिने फोन पुढे केला. पडद्यावर 'चालेल' होतं. शेजारी एकच काटा होता, स्वस्थ पडलेला.

"यात दुसरा काटा होता," उन्मेष म्हणाला.

"मग कुठे गेला?"

"काढला."

"कोणी?"

"मी."

केतकीने फोन पर्समध्ये टाकला. "काय दिसायचं त्यात?"

उन्मेषने सांगितलं की त्यात त्वचेवरचा दाब, श्वासाची खोली आणि नाडी यांची एकत्रित सरासरी दिसते.

"पॅन्टचं नाही विचारत मी. तू सांग ना काय ते. तोंडाने."

त्याने तोंड उघडलं. वाक्य छातीपर्यंत आलं होतं, हे त्याला स्पष्ट जाणवलं. अंगावर कंपनीने भेट दिलेली पॅन्ट होती, तिचं बटण पोटात रुतत होतं. 

"रिक्षा बोलावू?" त्याने विचारलं.

आपल्याला कशी बसेल याचा अंदाज यावा म्हणून लोक पॅन्टचा फोटो मोठा करून, फिरवून बघतात, तशी केतकी त्याच्याकडे बघत राहिली.

"चालेल," ती म्हणाली.