पितळीवरचं नाव

ही ऐकीव गोष्ट नाही, घरात घडलेली आहे. आणि रात्रीची तर मुळीच नाही... गेल्या श्रावणातली, थेरगावात डांगे चौकामागच्या सोसायटीतली, भर दुपारची आहे. ज्यांना भुतं फक्त अंधारातच हवी असतात त्यांनी इथेच थांबावं.

स्वरूपाच्या नवऱ्याला, सुजितला, इतिहासाचा नाद.

इतिहास म्हणजे काय, तर चाकणच्या कंपनीला सुट्टी असली की कॅमेरा गळ्यात अडकवून निघायचं. पडके नाके, गंजलेली हेल्मेटं, लढाईच्या काळातल्या बराकी. फोटो काढायचा, त्याला धुरकट रंग द्यायचा, खाली दोन ओळी गळा काढायचा आणि लाइक बघत बसायचं. घरात इतिहासाचं पुस्तक म्हणाल तर एक नाही.

"आले इतिहासाचार्य," स्वरूपा म्हणायची. "आधी पोराचं डायपर बदला."

एका रविवारी त्याने कुदळवाडीच्या भंगारातून एक पितळी आणली. काठाची, खोलगट, जेवायची. दुसऱ्या महायुद्धातल्या शिपायाची, असं भंगारवाला म्हणाला. तळाशी ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं.

पेजवर फोटो पडला. खाली ओळ... 'एका अज्ञात जवानाचं शेवटचं ताट.'

"अज्ञात कसा? नाव दिसतंय की," स्वरूपा म्हणाली.

"अज्ञात म्हटलं की जास्त चालतं."

वर त्याने ठरवून टाकलं, ओंकारची उष्टावण याच पितळीत करायची. आठ महिन्यांच्या पोराला पहिला भात शिपायाच्या ताटात. रील काय होईल!

सासूबाई, शालनबाई, शेंगा सोलत होत्या. "ज्याचं नाव त्याचं भांडं हाय. दुसऱ्याच्या ताटात लेकराला उष्टावत्यात व्हय रं?"

"मग नाव बदलतो, आई. मिटला विषय."

भांड्यांच्या दुकानात नेऊन त्याने जुनं नाव मशीनवर घासून काढलं. त्याच जागी 'ओंकार' घालून आणलं.

उष्टावण झाली. मामाने भरवलं. रील झालं.

दुसऱ्या दिवसापासून...

ओंकार हाकेला वळेना.

आधी नुसतं "ओ" म्हटलं तरी मान वळायची. आता टाळी वाजवली तर दचकायचा, खुळखुळ्याकडे बघायचा. पण नावाला... काहीच नाही. जणू शेजारच्या पोराला हाक मारली.

डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत.

सुजित म्हणाला, "तू मोबाइलवर रोग शोधणं बंद कर."

दुपारी सुजित कंपनीत, सासूबाई देवळात. घरात मायलेक दोघंच.

आणि स्वयंपाकघरातून आवाज यायचा... बोटांनी ताट निपटल्याचा. सावकाश. भुकेल्या माणसाने निपटावं तसा.

जाऊन बघावं तर पितळी फळीवर. कोरडी.

ओंकार मात्र स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून हसत असायचा.

एका दुपारी तो आवाज चालू असतानाच तिने सुजितचं पेज उघडलं. 'अज्ञात जवान.' खाली सलामांची रांग. इतक्या भक्तांतल्या एकानेही नाव वाचायची तसदी घेतली नव्हती. तिने फोटो मोठा केला. ठिपके जुळवत गेली.

"भीम... राज," ती पुटपुटली.

आवाज थांबला.

चटईवर पाठमोरा बसलेला ओंकार... वळला.

हात पसरून तो तिच्याकडे बघत होता. खूप दिवसांनी कुणीतरी ओळखलं, असा.

संध्याकाळी तिने सुजितला सांगितलं. त्याचे डोळे चमकले.

"परत एकदा हाक मार ना. मी कॅमेरा लावतो."

एवढ्या हलक्या माणसाशी काय बोलायचं? पितळी पिशवीत घातली आणि दुकान गाठलं. ओंकारचं नाव घासायला लावलं, भीमराजचं परत घालून घेतलं.

"ताई, घरात भीमराज कोण?" दुकानदाराने विचारलं.

"आहेत एक," ती म्हणाली.

आता रोज दुपारी पहिला वरणभात त्या पितळीत वाढला जातो. शालनबाई स्वतः वाढतात. आवाज पुन्हा आलेला नाही. पेजवर मात्र अजून 'अज्ञात'च आहे, आणि लाइक वाढतायत.

ओंकार पुन्हा हाकेला वळतो.

फक्त... हाक मारली की तो आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघतो. जाऊ का, असं विचारल्यासारखा.

मग आईकडे येतो.

कधीकधी तिला बराच वेळ हात पसरून थांबावं लागतं.