‘उतरा’ म्हणायचं राहून गेलं

साल पंचावन्न असेल. पंधरा ऑगस्टच्या सकाळी सखूबाई नेहमीसारखीच झाडू घेऊन कोठीवर गेली. कोठी काकासाहेब जहागीरदारांची. जहागिऱ्या गेल्या, काकासाहेबही गेले, आणि शाळेच्या भालचंद्र गुरुजींनी सरकारदरबारी खेटे घालून तिथे अजायबखाना मांडला. काकासाहेबांचा हुक्का, काकासाहेबांची पिकदाणी, काकासाहेबांचा मेणा. शहागडच्या बाजाराला निघालेली माणसं वाट वाकडी करून यायची. ज्यांच्या पाठीवर काकासाहेबांचे कोरडे उठलेले, ती माणसं पिकदाणीसमोर घटकाभर उभी राहायची आणि फार समाधानाने परत जायची. सखूबाई ती पिकदाणी रोज पुसायची. पगारी काम होतं, आणि तिच्यात आता कोणी थुंकत नव्हतं.

त्या दिवशी मात्र तिने नवं लुगडं नेसलं होतं. झेंड्याची दोरी सखूबाईने ओढायची असं गावाने ठरवलं होतं. तिचा नवरा बिरू, जातीचा धनगर, पण वेठीला धरलेला. मेण्याचा पुढचा उजवा खांदा त्याचा. सत्तेचाळीस साली, संस्थानात बंदी असताना, त्याने मेंढरं हाकायच्या काठीला तिरंगा बांधला, म्हणून काकासाहेबांनी त्याला तीन दिवस खोड्यात घातलं होतं. बिरू दोन वर्षांखाली वारला. जाताना बायकोकडून एकच वचन घेतलं, की ह्या जिभेवर परत ‘हुजूर’ आणायचं नाही. सखूबाईने ते असं पाळलं, की जीपमधून उतरलेल्या साहेबालाही ती “काय दादा, बरं हाय का” म्हणायची.

असेच एक साहेब, नायब तहसीलदार मार्तंडराव, सातलाच येऊन बसले. साडेआठला त्यांना घनसावंगीचा झेंडा होता, म्हणून इथला साडेसातला उरकायचा होता. आणि इथे बघतात तर झेंड्याचा बांबू वाऱ्याने उभा चिरलेला. गुरुजी क्षणभर गडबडले, मग म्हणाले की मेण्याचा दांडा काढा. अस्सल सागाचा, सरळसोट, दोन्ही टोकांना पितळ. गुलामीच्या दांड्यावर स्वातंत्र्याचा झेंडा, हे वाक्य त्यांना तिथेच सुचलं आणि ते भाषणाच्या कागदावर लिहूनही झालं.

मेण्याची खोली मागच्या अंगाला. खिडकी एकच, तीही वेलाने झाकलेली, म्हणून दिवसाढवळ्या कंदील लागायचा. सखूबाई कंदील धरून दाराशी उभी राहिली. बद्रीनाथ, राधाकिसन आणि आणखी दोघे आत शिरले. दांडा कड्यांतून ओढताना मेण्याचा वेत करकरला, झोपेत माणूस कूस बदलतो तसा. मग वास आला. हिना अत्तराचा, आणि त्याखाली शिळ्या तंबाखूचा. सात वर्षांत त्या खोलीला उंदरांशिवाय कशाचा वास आला नव्हता.

चौघांनी दांडा खांद्यावर घेतला. दोन पावलं बरी पडली. तिसऱ्याला राधाकिसनचे गुडघे वाकले.

“बद्र्या… तू लोंबकळून राह्यला का मागं?”

“मी तुझ्या म्होरं हाय…”

सखूबाईने कंदील वर केला. दांडा मधोमध वाकला होता, भरल्या मेण्याचा वाकतो तसा. खाली काही नव्हतं. जे नव्हतं ते मात्र हळूहळू डुलत होतं.

कसाबसा दांडा अंगणात आला. चौघांचे सहा झाले, सहाचे आठ झाले. सगळ्यांचे पाय घोट्यापर्यंत चिखलात गेले, पण दांडा काही उभा राहीना. मार्तंडरावांनी घड्याळ बघितलं आणि सांगितलं की झेंडा खिडकीच्या गजाला बांधा, मी वर करतो आणि निघतो. सखूबाईची दोरी गेली.

आणि तेव्हाच तिला उमगलं. काकासाहेबांचा रिवाज होता. मेणा टेकला की पुढच्या उजव्या खांद्याने म्हणायचं, “हुजूर, उतरा.” म्हटल्याशिवाय ते हलत नसत. केदारखेड्याच्या एका लग्नात नवा भोई ते विसरला, तर पंगती उठून भांडी घासून झाली तरी हे आपले पडद्याआड बसून. अठ्ठेचाळीसला संस्थान ताब्यात घ्यायला हिंदी फौज आली तेव्हा गोदावरीपार पळताना वाटेत मेण्यातच त्यांचं आटोपलं. भोयांनी मेणा ज्वारीत ठेवला आणि पळ काढला. दुसऱ्या दिवशी भाऊबंदांनी प्रेत काढून जाळलं. पण प्रेताला ‘उतरा’ कोण म्हणणार?

गुरुजींना तिने हे कानात सांगितलं. गुरुजींचा भुताखेतांवर विश्वास नव्हता, म्हणून ते फारच हळू बोलले. “म्हणून टाका, सखूबाई. एका शब्दाने काय होतं…”

“त्या शब्दाचीच तर आज सुट्टी हाय, गुरुजी.”

ती दांड्याच्या पुढच्या टोकाशी, उजव्या अंगाला गेली. कानाशी तंबाखूचा ऊन श्वास लागला.

“काकासाहेब… मी बिरूची बायको. जहागीर गेली. भोई गेले. आता आपल्या पायानं चालायचं. उतरा.”

काही झालं नाही. राधाकिसन कण्हला, “मावशी, म्हणा की हुजूर… खांदा गेला माझा…”

“उतरा म्हन्ले ना. पोरांचे खांदे हायेत, बाज न्हाई.”

दांडा करकरला. चिखलात धप्प झालं. आणि दांडा असा हलका झाला, की आठही जण त्याच्यासकट उताणे पडले आणि गुरुजींची टोपी पिकदाणीच्या खोलीपर्यंत गेली.

दांडा उभा राहिला, झेंडा बांधला गेला आणि सखूबाईने दोरी ओढली. झेंड्यातून झेंडूच्या पाकळ्या तिच्या नव्या लुगड्यावर पडल्या. राष्ट्रगीताला ओसरीवरची मंडळी उठली. सतरंजीच्या एका कोपऱ्याला मात्र खोलगट दाब तसाच राहिला, जड माणूस मांडी घालून बसल्याचा. सखूबाई त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिली.

“उठा… समदे उठल्यात.”

सतरंजी हळूहळू सपाट झाली. मार्तंडरावांनी ते पाहिलं. पुढचं राष्ट्रगीत त्यांनी डोळे मिटून म्हटलं, आणि लाडू न घेताच जीप काढली.

संध्याकाळी कोठीला कुलूप लावून सखूबाई निघाली, तर फाटकापासून चिखलात पावलं उमटलेली. अनवाणी, रुंद, खोल. दर दहा पावलांवर दम खायला थांबलेली. आयुष्यात पहिल्यांदा पायी निघालेला माणूस तो, सखूबाईला वाटभर हसू येत होतं. पावलं धनगरवाड्याकडे वळली, तेव्हा ते थांबलं.

तिच्या उंबऱ्याशी पावलं संपली होती. बोटं आतल्या बाजूला. माघारी गेलेलं एकही नव्हतं. तिने ‘या’ म्हटलं नाही, पावलांना वळसा घातला, आत गेली आणि कडी लावली.

सकाळी दार उघडून बघितलं. पावलं तिथेच होती, फक्त बोटभर जास्त खोल.